‘नाइस’ म्हणजे एकेकाळी ‘मूर्ख’

‘नाइस’ हे इंग्रजी विशेषण आज कोणत्याही चांगल्या गोष्टीसाठी सर्रास वापरले जाते. मात्र, हा शब्द इंग्रजीत आला तेव्हा त्याचा अर्थ ‘मूर्ख’ असा होता. त्याचे मूळ ‘नेस्कियुस’ या लॅटिन शब्दात आहे. ‘ने’ म्हणजे नाही आणि ‘स्किरे’ म्हणजे जाणणे. अर्थात न जाणणारा, अज्ञ. ज्ञानवाचक ‘सायन्स’ हा शब्दही याच ‘स्किरे’पासून निघाला आहे.

जुन्या फ्रेंचमार्गे हा शब्द इ. स. १३००च्या सुमारास इंग्रजीत आला. पुढे चोखंदळ, काटेकोर, सूक्ष्म असे अर्थ धारण करीत अठराव्या शतकात तो ‘छान’ या अर्थी रूढ झाला. जेन ऑस्टेन यांच्या १८१७मध्ये प्रकाशित झालेल्या ‘नॉर्दँगर ॲबी’ या कादंबरीतील एक पात्र त्याच्या सरसकट वापराची थट्टा करते.

‘सूक्ष्म’ हा जुना अर्थ कायद्याच्या इंग्रजीत अद्याप टिकून आहे. न्यायालयीन निकालातील ‘नाइस डिस्टिंक्शन’ म्हणजे चांगला भेद नव्हे, तर सूक्ष्म भेद. अनुवाद करताना केवळ प्रचलित अर्थ घेतल्यास न्यायालयाचे म्हणणेच बदलून जाते.