समभुज चौकोन आणि शेताचें माप

श्रोतेहो, सेलूच्या काळ्या रानांतील एखादें शेत आपणांस विकत घ्यावयाचें आहे, अशी कल्पना करा. विकणारा म्हणतो, "चारी बांध पंचवीस-पंचवीस काठ्यांचे आहेत, मोजून घ्या." आपण मोजतां, माप बरोबर उतरतें. पंचविसाचा वर्ग ६२५, म्हणून ६२५ चौरस काठ्या जमीन धरून आपण पैसे देतां. फसगत होते ती येथेंच.

ज्याच्या चारी बाजू समान, तो समभुज चौकोन. मात्र तो चौरसच असेल असें नाहीं. तुराटीच्या चार सारख्या काड्यांचीं टोकें दोऱ्यानें बांधून चौकोन करा आणि समोरासमोरचे दोन कोपरे जवळ आणा. आकृति चपटी होत जाते. काड्यांची लांबी तीच राहते, परंतु आंतील जागा घटते.

भास्कराचार्यांनीं इ. स. ११५० मधील आपल्या 'लीलावती'त हीच गोष्ट उदाहरणानें दाखविली आहे. चारी बाजू २५ असतां कर्ण ३० व ४० असतील तर क्षेत्रफळ ६०० येतें. कर्ण १४ व ४८ असतील तर केवळ ३३६. कर्ण अथवा लंब न सांगतां चौकोनाचें निश्चित क्षेत्रफळ विचारणाऱ्यास आचार्य पिशाच म्हणतात, आणि तें सांगणाऱ्यास त्याहूनहि मोठा!

याचें कारण सोपें आहे. समभुज चौकोनाचे कर्ण एकमेकांस काटकोनांत छेदतात व परस्परांचे दोन समान भाग करतात. त्यामुळें चार सारखे काटकोन त्रिकोण होतात. ३० व ४० यांचीं अर्धीं १५ व २०. त्यांच्या वर्गांची बेरीज २२५ अधिक ४००, म्हणजे ६२५, आणि हाच २५ चा वर्ग. चारी त्रिकोण मिळून क्षेत्रफळ होतें तें कर्णांच्या गुणाकाराचें निम्में.

आतां या आकृतींचें नातें पाहूं. समांतरभुज चौकोनाच्या चारी बाजू समान झाल्या कीं तो समभुज होतो. समभुजाचे दोन्ही कर्ण समान झाले कीं तो चौरस होतो. म्हणून प्रत्येक चौरस समभुज आहे, पण प्रत्येक समभुज चौरस नव्हे.

तेव्हां शेत घेतांना बांधांवर थांबूं नका. समोरासमोरच्या कोपऱ्यांपर्यंत दोर ताणून दोन्ही कर्ण मोजा. ते समान भरले तर ६२५ चा हिशेब खरा. १४ व ४८ भरले, तर २८९ चौरस काठ्यांचे पैसे आपण नसलेल्या जमिनीसाठीं मोजणार होतां, असें समजा.