माशीच्या पोटातले भाडेकरू

 

गेल्या आठवड्यात इथल्या जुन्या गावातल्या गल्लीतून एक किलो पेरू आणले. बाहेरून देखणे, पिवळे, घमघमणारे. घरी येऊन पहिला कापला आणि आत पांढऱ्या अळ्यांची जत्रा. दुसरा कापला, तोही तसाच. सालीवर पाहिलं तर टाचणीच्या टोकाएवढा एकच काळपट ठिपका. पावसाळी पेरूचं दिल्लीत हे नेहमीचंच. थंडीतला पेरू मात्र बहुतेक स्वच्छ निघतो, कारण गारठ्यात माशी मंदावते.

त्याच आठवड्यात देवगडच्या एका बागायतदार प्रेक्षकांचा प्रश्न आला होता. "सापळे लावले, शेकडो माश्या अडकल्या, तरी शेवटच्या तोडणीचे आंबे डागी निघाले. सापळा खोटा की माशी हुशार?" दोन्ही गोष्टींमागे एकच प्राणी आहे, म्हणून आजचा भाग फळमाशीवर.

आधी एक घोटाळा दूर करू. स्वयंपाकघरात पिकलेल्या केळ्यांवर जी चिमुकली माशी घोंघावते ती ड्रॉसोफिला, प्रयोगशाळांची लाडकी. ती सडत आलेल्या फळावर जगते, शेतकऱ्याचं फारसं बिघडवत नाही. आपली आजची माशी वेगळ्या कुळातली. नाव बॅक्ट्रोसेरा. आकाराने साधारण घरमाशीएवढी, तपकिरी अंगावर पिवळे पट्टे, आणि मादीच्या शेपटाला सुईसारखी नळी. झाडावरच्या चांगल्या फळात ती नळी खुपसून सालीखाली अंडी घालते. एका मादीची आयुष्यभरातली अंडी हजाराच्या वर जातात. दोनेक दिवसांत अळ्या निघतात, गर खात वाढतात. फळ गळून पडलं की अळी बाहेर येते, अंगाचं कडं करून टुणकन उड्या मारते, मऊ माती सापडली की दोन-चार सेंटिमीटर खाली जाऊन कोष करते. आंबा आणि पेरू डॉर्सालिस आणि झोनाटा या जातींचे, तर कारली, दोडका, दुधी हे त्यांच्या चुलत बहिणीचे.

म्हणजे बघा, अंडं सालीखाली, अळी गरात, कोष मातीत. फवारणी पोचणार कुठे? माशी उघड्यावर असते तेवढ्याच काळात ती हाती लागते, आणि तेव्हा तिला बोलवायचं तर तिला काय आवडतं हे माहीत हवं.

ते कसं कळलं याची गोष्ट आपल्याकडचीच आहे. दिल्लीत आज जी पुसा संस्था आहे, म्हणजे भारतीय कृषी संशोधन संस्था, ती मुळात बिहारमधल्या पुसा गावची. १९३४च्या भूकंपात इमारत मोडली आणि १९३६ साली संस्था गावाच्या नावासकट दिल्लीला आली. त्या जुन्या पुशात फ्रँक मिलबर्न हॉवलेट नावाचे कीटकशास्त्रज्ञ होते. त्यांच्या शेजाऱ्याने डास पळवायला सिट्रोनेला तेल वापरलं. डासांचं काय झालं ते असो, पण त्या वासावर फळमाश्या येऊन बसू लागल्या. हॉवलेटनी पकडून पाहिल्या तर सगळे नर. १९१२ साली त्यांनी हे प्रसिद्ध केलं आणि पुढे १९१५ मध्ये तेलातलं नेमकं आकर्षक द्रव्य ओळखलं, मिथाइल युजेनॉल. आपल्या तुळशीतही ते असतं. तुळशीचा पाला चुरून फळमाश्या गोळा करण्याचा जुना उपाय त्यावरच चालतो. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा "रक्षक" सापळा किंवा बाजारातला दुसरा कुठलाही आंब्याचा सापळा घ्या, आतल्या लाकडी ठोकळ्याला हेच द्रव्य लावलेलं असतं.

देवगडच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर "सगळे नर" या दोन शब्दांत आहे. सापळ्यात शेकडो माश्या दिसतात तेव्हा आपण खूश होतो. पण फळाला नळी खुपसणारी मादी त्यात नसते. नर इतके कमी व्हायला हवेत की माद्यांना जोडीदारच मिळू नये, आणि एक नर अनेक माद्यांना पुरतो. पॅसिफिक महासागरातल्या रोटा बेटावर १९६०च्या दशकात या द्रव्याने आणि कीटकनाशकाने भिजवलेले तुकडे विमानातून टाकून ही माशी पूर्ण संपवली. पण ते बेट होतं, चहूबाजूंनी समुद्र. तुमच्या बागेला गडगा असतो, आणि गडग्यापलीकडे शेजाऱ्याची बाग. तिथल्या माश्या गडगा मानत नाहीत. एकट्याने सापळे लावण्याचा उपयोग म्हणूनच मर्यादित. सगळ्या वाडीने एकाच वेळी लावले तर हिशेब बदलतो.

उरलेलं अर्धं उत्तर माशीच्या पोटात आहे, आणि मला खरं तर त्याबद्दलच बोलायचं होतं.

पेरूचा गर म्हणजे काय? पाणी, साखर, थोडा चोथा. प्रथिनं जवळजवळ नाहीत. नुसत्या साखरपाण्यावर कुणाचं पोर वाढेल का? अळी मात्र आठवड्याभरात धष्टपुष्ट होते. याचं कारण ती एकटी नसते. मादी अंड्यांबरोबर आपल्या आतड्यातले जिवाणूही फळात सोडते. ते गर कुजवून मऊ करतात, वाढतात, आणि अळी गरासोबत त्यांनाही खाते. भूमध्य समुद्राकाठच्या माशीच्या आतड्यात तर हवेतला नत्र बांधणारे जिवाणू सापडले आहेत, आपल्या हरभऱ्याच्या मुळांवरच्या गाठींत असतात त्या धंद्यातले. मुनिरक्यात राहणाऱ्याला हे लगेच समजतं. हे अख्खं गाव भाडेकरूंवर चालतं. माशीच्या पोटातले हे भाडेकरूही भाडं चुकवून राहतात, फुकटे नाहीत.

या नात्याचा पहिला धागा इटलीच्या पेत्री यांनी १९०९ साली ऑलिव्हच्या माशीत पकडला. पुढे कळलं की हिरव्या ऑलिव्हमध्ये अळ्यांना मारक असं कडू द्रव्य असतं, आणि पोटात तो खास जिवाणू नसेल तर हिरव्या फळात अळी जगत नाही. म्हणजे झाडाने केलेला बंदोबस्त माशी स्वतः मोडत नाही, भाडेकरूकडून मोडून घेते.

मोठी झालेली मादीही प्रथिनांसाठी वखवखलेली असते, कारण त्याशिवाय अंडी तयार होत नाहीत. ऑस्ट्रेलियातल्या ड्रू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ साली दाखवलं की प्रौढ माश्यांच्या नैसर्गिक आहारात जिवाणूही असतात. प्रथिनांचं आमिष असलेल्या सापळ्यांत माद्या येतात, त्या याच भुकेपोटी. मिथाइल युजेनॉलवर न येणारी मादी इथे येते, हे बागायतदारांनी लक्षात ठेवावं.

आता वागणुकीकडे येऊ. संध्याकाळी नर मादीला वासाने बोलावतो. हा वास नर स्वतः तयार करतो असं आपण समजू. चीनमधल्या संशोधकांनी २०२१ साली डॉर्सालिस जातीबद्दल दाखवलं की त्या वासातला काही भाग नराच्या गुदाशयातले जिवाणू बनवतात. प्रतिजैविक देऊन ते जिवाणू मारले की नराकडे माद्या कमी येतात. त्याआधी, २०२० मध्ये, आणखी गमतीचं निघालं होतं. एका मादीने फळात अंडी घातली की अंड्यांवरच्या जिवाणूंमुळे फळात एक द्रव्य वाढतं. आपल्या लवंगेत आणि मिरीतही ते असतं. त्याचा वास आला की दुसरी मादी त्या फळाकडे पाठ फिरवते. "जागा भरली" ही पाटी जिवाणूंच्या मदतीने लागते. ही पाटी आपल्याला स्वतःहून चांगल्या फळांवर लावता आली तर? या संशोधनातली ओढ ही आहे. फवारा मारून माशी मारण्याऐवजी तिला खोटा निरोप द्यायचा.

एक वापर मात्र आधीच करून पाहिलेला आहे. कारखान्यात माश्या वाढवायच्या, किरणोत्साराने नर नपुंसक करायचे आणि लाखोंनी सोडायचे. त्यांच्याशी जुळलेल्या मादीची अंडी उबत नाहीत. जपानने याच मार्गाने ओकिनावातून कारल्या-काकडीची माशी १९९३ पर्यंत घालवली. अडचण एकच, कारखान्यातला नर स्थळ म्हणून माद्यांना फारसा पसंत पडत नाही. इस्राएलमधल्या युवाल आणि युर्केविच यांच्या गटाने २०१०च्या सुमारास तपासलं, तेव्हा किरणांनी नराच्या आतड्यातल्या जिवाणूंचा समतोल बिघडतो असं दिसलं. क्लेब्सिएला हा त्यातला हरवलेला जिवाणू खाण्यातून परत दिला, आणि नरांची पसंती सुधारली. ताकभाताचा उपाय माशीलाही लागू पडला म्हणायचा.

हे सगळं प्रयोगशाळेतलं कौतुक आहे असं कुणाला वाटेल. त्यांना १ मे २०१४ ची आठवण देतो. त्या महाराष्ट्र दिनापासून युरोपीय संघाने भारतीय आंब्याला दार बंद केलं. त्याआधीच्या वर्षी भारतातून गेलेल्या फळाभाज्यांच्या दोनशेहून अधिक खेपांत फळमाशी आणि इतर किडी सापडल्या होत्या. आंब्याच्या जोडीला वांगी, कारली, पडवळ, अळूही अडकलं. ऐन हंगामात हापूसची ती बाजारपेठ गेली, आणि दार उघडलं ते पुढच्या वर्षी. जपानसाठी ४७.५ अंशांच्या वाफेत वीस मिनिटं, अमेरिकेसाठी किरणं, हा सगळा खर्च आणि खटाटोप सालीखालच्या त्या अंड्यांपायी. खर्च शेवटी कुणाच्या खिशातून जातो ते सांगायला नको.

तर देवगडकर, तुमचा सापळा खोटा नाही. तो नर कमी करतो आणि माशी कधी वाढते आहे हे सांगतो. शेवटच्या तोडणीच्या वेळी, विशेषतः वळवाचा पाऊस पडून गेल्यावर, माशी जोरात असते, आणि तोवर झाडाखाली गळलेली फळं साचलेली असतात. त्या प्रत्येक फळात अळ्या आहेत आणि त्यांचं अन्न शिजवणारे जिवाणूही. मी तुमच्या जागी असतो तर सापळ्याआधी ही गळ उचलली असती, रोजच्या रोज. वरवर माती ओढून चालत नाही, कोषातून निघालेली माशी पातळ थरातून वर येते. किमान दोन फूट खोल खड्डा, किंवा जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट गाठ मारून काही दिवस कडक उन्हात. झाडावरच्या निवडक फळांना कागदी पिशवी घातली तर मादीची नळी पोचतच नाही. त्यात मजुरी जाते हे खरं, म्हणून सगळ्या बागेला जमणार नाही, निर्यातीच्या फळांपुरतं जमेल.

माझे पेरू मीही कचऱ्याच्या डब्यात टाकले नाहीत. पिशवीत बांधून गच्चीवर ठेवले. दुसऱ्या दिवशी घरमालक वर आले, पिशवीत टुणटुण उड्या मारणाऱ्या अळ्या पाहून दचकले आणि विचारू लागले की हे काय पाळलं आहे. त्यांना जिन्यातच हा सगळा भाग ऐकवला. आता ते पेरूवाल्याकडे प्रत्येक फळ उलटसुलट फिरवून ठिपका शोधतात, आणि पेरूवाला माझ्याकडे रागाने पाहतो.