गाडी तुमची, फाइल कुणाची?

‘गाडी माझी, पैसे माझे. मग इंजिनात काय टाकायचं ते मी ठरवीन. यात पायरसी कुठून आली?’

शहादा तालुक्यात, ब्राह्मणपुरीसारख्या गावात, पपई-केळीच्या पिकअपवाल्यांत किंवा जुन्या डिझेल स्विफ्टवाल्या पोरांत ‘रिमॅप मारून घेण्याचा’ विषय निघाला की हे वाक्य येतंच. कितीदाही समजावा, पुढच्या वेळी पुन्हा तेच. तर एकदा नीट पाहू.

डिझेल किती, कधी आणि किती दाबानं सोडायचं, टर्बोनं किती हवा भरायची, हे ईसीयू नावाचा छोटा संगणक ठरवतो. त्यात आकड्यांचे तक्ते असतात, त्यांना मॅप म्हणतात. पूर्वी ईसीयूतली चिप खरोखर काढून दुसरी बसवत. आता लॅपटॉप जोडून फक्त फाइल बदलतात, हाच रिमॅप. म्हणजे तुम्ही ज्याला ‘चिप’ म्हणून पैसे मोजता, ते बहुतेक वेळा सॉफ्टवेअर असतं.

आणि १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार संगणकाचा प्रोग्राम ही साहित्यकृती आहे, कादंबरीच्याच रांगेतली. पुस्तक विकत घेतलं म्हणून त्याच्या झेरॉक्स काढून विकायचा हक्क मिळत नाही, तसंच इथं. त्याच कायद्याच्या कलम ६३ब नुसार चोरीची प्रत जाणूनबुजून संगणकावर वापरली तर किमान ७ दिवस ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड होऊ शकतो. धंद्यासाठी वापर नसेल तर न्यायालय कैद टाळून फक्त दंड करू शकतं. ‘पण गाडी म्हणजे संगणक थोडाच?’ कायद्यातली संगणकाची व्याख्या माहितीवर प्रक्रिया करणाऱ्या कुठल्याही इलेक्ट्रॉनिक उपकरणापर्यंत जाते. बॉनेटखालचा डबा त्यातून सुटत नाही.

उलट टोकाची मंडळीही आहेत. त्यांच्या मते रिमॅप म्हणजे चोरीच. तेही खरं नाही. कायदेशीररीत्या मिळालेल्या प्रतीत स्वतःच्या, बिनधंदेवाईक वापरासाठी फेरफार करायला कलम ५२ मध्ये थोडी वाट ठेवलेली आहे. अमेरिकेनं २०१५ मध्ये दुरुस्ती आणि कायदेशीर फेरबदलांसाठी गाडीच्या सॉफ्टवेअरचं कुलूप उघडायला सवलत दिली. तुमच्याच गाडीची फाइल कुणी वाचली, बदलली आणि परत तिथंच लिहिली, तर त्यावर वाद घालता येईल. एकाची फाइल दहा जणांना विकणं यात बसत नाही.

आपल्याकडे नेमकं तेच चालतं. कुठल्यातरी ट्यूनरनं मेहनतीनं बनवलेली फाइल फोनवरून फिरत येते. ती लिहिणारं यंत्र इटलीच्या एलियनटेकचं नसतं, त्याची स्वस्त नक्कल असते. फाइल बदलायचं जर्मन सॉफ्टवेअर ‘विनओएलएस’, तेही क्रॅक केलेलं. नकली यंत्र विकणारे स्वतःच बजावतात की इंटरनेटला जोडू नका, नाहीतर बंद पडेल. एवढं ऐकूनही माणूस त्या यंत्राच्या हाती लाखोंची गाडी कशी देतो, मला कळत नाही. लिहिता लिहिता ते मध्येच अडकलं की ईसीयू गप्प आणि गाडी टोचनवर.

त्यातून फाइल भलत्याच गाडीची निघाली तर? ‘स्विफ्ट ७५ हॉर्सपॉवरची, अर्टिगा ९०ची, इंजिन एकच, १२४८ सीसी. मग तिची फाइल हिच्यात टाका!’ एकच इंजिन हे खरं. पण ९०वाल्यात व्हेरिएबल जॉमेट्री टर्बो आहे, ७५वाल्यात साधा. नसलेला टर्बो फाइलमधून येत नाही. हवा न वाढवता नुसतं डिझेल वाढवलं की मागून काळा धूर निघतो आणि आत टर्बो तापतो.

बाकीचे गैरसमज थोडक्यात.

‘कंपनी मुद्दाम ताकद दाबून ठेवते.’ अर्धं खरं. खराब डिझेल, मे महिन्याचं ऊन आणि भरलेली गाडी घेऊन तोरणमाळचा घाट यासाठी ती राखीव असते.

‘ओबीडी (तपासणीच्या) सॉकेटात डबी खोचली की ॲव्हरेज वाढतो.’ अशा काही डब्या उघडून पाहिल्या, तर आत लुकलुकणाऱ्या दिव्यांपलीकडे काही निघालं नाही. कार कंपन्यांवर २०१७ पासून इंधनबचतीचे सरकारी निकष आहेत. काहीशे रुपयांत ते काम झालं असतं तर त्यांनीच डबी लावली असती.

‘पीयूसी मिळालं, म्हणजे सगळं ठीक.’ डिझेल गाडीच्या पीयूसीत धुराची घनता मोजतात, नायट्रोजन ऑक्साइड नाही. सॉफ्टवेअरनं चाचणी कशी फसवता येते ते फोक्सवॅगननं दाखवलंच, आणि त्याबद्दल २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादानं त्या कंपनीला ५०० कोटींचा दंड ठोठावला.

‘मूळ फाइल परत टाकली की कुणाला कळत नाही.’ किती वेळा लिहिलं गेलं, याची नोंद अनेक ईसीयूत राहते. वॉरंटी तिथंच अडते.

‘आरटीओचा याच्याशी संबंध नाही.’ मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२अ (४) नुसार परवानगीबाहेरच्या प्रत्येक बदलाला ५ हजार रुपये दंड किंवा ६ महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही.

तरीही करायचंच असेल, तर गॅरेजवाल्याला आधी तीन गोष्टी विचारा: यंत्राचा परवाना आहे का, माझी मूळ फाइल पेनड्राइव्हवर देणार का, आणि बिलावर कामाचं नाव स्पष्ट लिहिणार का. तिसऱ्या प्रश्नाला तो हसला, तर चावी देऊ नका.