हॉब विकण्याआधी भोक मोजा: वेगळ्या मापाच्या ऑर्डरमध्ये पैसे कुठे बुडतात?

मागच्या व्हिडिओत आपण क्वोटेशन कसं द्यायचं ते बघितलं. आज मी स्वतः कुठे आपटलो ते सांगतो. किचन अप्लायन्सेस, मॉड्युलर किचन किंवा फिटिंगच्या धंद्यात असाल तर हे शेवटपर्यंत वाचा.

माझ्या दुकानात एक काकू आल्या. ओट्यात बसवलेला जुना हॉब बदलायचा होता. "मोठा आहे, नव्वदचाच असेल," त्या म्हणाल्या. मीही मान डोलावली, २२,००० चा ९० सेंमी हॉब काढला, बिल केलं. फिटरने जुना हॉब उचलला आणि मला फोन केला, "दादा, बसत नाही."

ओट्यातलं भोक होतं ८२० × ४७० मिमी. नव्या हॉबला लागत होतं ८६० × ४९०. भोक वाढवायचं म्हटलं, तर उजवीकडे ३० मिमीवर ग्रॅनाइटचा जोड. मिस्त्रीने हात वर केले, "इथे कटर लावला तर पट्टी हातात येईल." डावीकडे भिंत ६० मिमीवर. सगळी वाढ डावीकडे घेतली तर काच थेट भिंतीला टेकणार. बरं, लहान हॉब बसवावा, तर ७८० मिमीची काच ८२० च्या भोकातून सरळ खालीच जाणार!

काकू एवढंच म्हणाल्या, "अरे, चार दिवसांवर नातवाची मुंज आहे, आणि माझ्या ओट्याला भोक!"

चूक कुठे झाली?

६०, ७५, ९० हे आकडे म्हणजे साधारणपणे वरच्या काचेची रुंदी. भोकाचं माप, म्हणजे कटआउट, वेगळं असतं आणि ते प्रत्येक मॉडेलला बदलतं. एकाच कंपनीच्या दोन "नव्वद"चं कटआउटसुद्धा सारखं असेलच असं नाही. त्यातून जुन्या घरात मिस्त्रीने समोर असलेल्या हॉबच्या मापाने ग्रॅनाइट कापलेलं असतं. तो हॉब बाजारातून गेला, भोक मात्र राहिलं.

हिशोब सोपा आहे. नव्या हॉबचा खालचा डबा भोकात उतरला पाहिजे आणि वरच्या काचेने चारही बाजूंनी भोक झाकलं पाहिजे. यातलं एक जरी चुकलं तरी माल परत.

मोजायचं कसं?

१. जुना हॉब उचलून भोकच मोजा, काच नाही. हॉब उचलण्याआधी गॅस बंद.

२. माप मिलिमीटरमध्ये घ्या. एक इंच म्हणजे २५.४ मिमी, "साडेबत्तीस इंच असेल" म्हणण्यातच अर्धा सेंटीमीटर जातो.

३. रुंदी पुढे, मध्ये आणि मागे अशी तीन ठिकाणी घ्या, खोलीही तशीच. हाताने कापलेलं भोक काटकोनात असेलच असं नाही. डबा बसेल का हे सगळ्यात लहान मापावर ठरवा, काच झाकेल का हे सगळ्यात मोठ्या मापावर.

४. भोकापासून भिंत, ग्रॅनाइटचा जोड आणि ओट्याची पुढची कड किती लांब आहे ते लिहा. खाली ड्रॉवर असेल तर उंचीही घ्या.

५. गॅस कुठला? सिलिंडर आणि पाइप गॅसचे जेट वेगळे असतात. पाइप गॅसच्या जेटचं भोक मोठं असतं. जेट बदलायचं काम कंपनीच्या माणसाकडूनच करून घ्या.

हे सगळं झालं की मॉडेलच्या इन्स्टॉलेशन ड्रॉइंगशी ताडून बघा. ब्रोशरच्या पहिल्या पानावर विसंबू नका.

माप जुळलंच नाही तर?

भोक थोडं लहान असेल तर ग्रॅनाइट कापता येतं, पण मिस्त्रीने जागेवर येऊन हो म्हटल्यावरच. भोक मोठं असेल तर खालून आधार देऊन ग्रॅनाइटची पट्टी बसवता येते. जोड दिसणार, हे गिऱ्हाइकाला आधीच सांगा. हॉबची काच कापू असं कोणी म्हणालं तर त्याला थांबवा. टफन्ड काच कापायला गेलात की चुरा होतो. आणि जुना हॉब दुरुस्त होत असेल, तर तेच सांगा. आजची विक्री गेली तरी ते गिऱ्हाईक तुमचं राहतं.

मला किती पडलं?

खोका फोडलेला हॉब डिस्प्ले पीस म्हणून १७,००० ला गेला, म्हणजे ५,००० तिथेच. टेम्पो आणि मिस्त्री १,५००. एकूण ६,५००. एका हॉबमागे मला ३,००० सुटतात. म्हणजे दोन हॉबची कमाई गेली आणि वर पाचशे, टेपने दहा मिनिटं मोजलं नाही म्हणून!

काकूंना मुंजीसाठी दुकानातली शेगडी दिली, पैसे न घेता. मग ड्रॉइंग चाळत बसलो. अकराव्या दिवशी ८३० × ४८० कटआउटचा, ८८० काचेचा हॉब मिळाला. डावीकडे आणि मागे फक्त १० मिमी घासावं लागलं. जोडाला धक्का नाही.

तेव्हापासून नियम एकच. मापाच्या फोटोशिवाय ऑर्डर नाही, आणि ॲडव्हान्सआधी हा मेसेज जातो:

"ताई, आपल्या ओट्यातलं भोक ___ × ___ मिमी आहे. निवडलेल्या हॉबला ___ × ___ लागतं. ओटा कापायची मजुरी वेगळी, अंदाजे ___ रुपये. मान्य असल्यास 'हो' लिहा."

आजचा होमवर्क: दुकानातल्या प्रत्येक हॉबच्या खोक्यावर मार्करने कटआउट लिहा. एका दुपारचं काम आहे. भेटू पुढच्या व्हिडिओत!