डिस्कवरची जागा गेली कुठे?

एका शाळेच्या संगणक-कक्षात दहावीची मुले आपापले प्रकल्प पुरे करीत होती. अचानक एकापाठोपाठ एक तक्रारी येऊ लागल्या. केलेले काम जतन होईना. पडद्यावर संदेश येई : ‘डिस्कवर जागा शिल्लक नाही.’ सर्व मुलांच्या फाइली लिनक्सवर चालणाऱ्या एका मुख्य संगणकात साठवल्या जात होत्या. कक्ष सांभाळणारे शिक्षक म्हणाले, “सकाळीच एक अवाढव्य नोंद-फाइल पुसली, तरी काही फरक नाही. आता गेल्या वर्षीच्या मुलांचे प्रकल्प पुसतो.” आम्ही त्या दिवशी सहज तिथे गेलो होतो. आम्ही म्हटले, “सर, पाच मिनिटे थांबा. आधी मोजू या, मग पुसू या.”

मोजण्यासाठी दोन छोट्या आज्ञा पुरतात : डीएफ आणि डीयू. दोन्ही इंग्रजी छोट्या अक्षरांत टंकायच्या. पहिली म्हणजे ‘डिस्क फ्री’, दुसरी म्हणजे ‘डिस्क युसेज’. या आज्ञा काही आजच्या नव्हेत. युनिक्स प्रणालीची पहिली माहितीपुस्तिका नोव्हेंबर १९७१ मध्ये निघाली, तिच्यातही या दोन्ही आहेत. त्या काळी बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची ज्या संगणकावर काम करीत, त्याची डिस्क जेमतेम ५१२ किलोबाइटची होती. मोबाइलवर काढलेले एखादे छायाचित्रही आज तिच्यात मावणार नाही. जागेचा हिशेब ठेवणे ही तेव्हा रोजची निकड होती.

दोन्ही आज्ञा जागाच मोजतात, मग दोन कशाला? कारण त्या दोन निराळ्या ठिकाणी चौकशी करतात. शाळेत किती खुर्च्या, किती तक्ते आहेत हे कळण्याचे दोन मार्ग असतात. एक, कार्यालयातली जडवस्तू संग्रह नोंदवही उघडायची. दोन, प्रत्येक खोलीत जाऊन वस्तू मोजायच्या. डीएफ नोंदवही वाचते. डिस्कचे किती ठोकळे दिले गेले आणि किती मोकळे आहेत, याची नोंद फाइल-प्रणाली ठेवतेच. म्हणून डीएफचे उत्तर क्षणात येते. डीयू मात्र खोल्याखोल्यांतून फिरते. एकेक फोल्डर उघडून आतल्या फाइलींनी व्यापलेली जागा ती मिळवत जाते. म्हणून तिला वेळ लागतो. पण कोणत्या खोलीत किती सामान आहे, हे तीच सांगू शकते.

आम्ही प्रथम डीएफ चालवली. पुढे एक जागा सोडून उणे-चिन्ह आणि त्याला जोडून एच हे अक्षर लिहिले, की आकडे मेगाबाइट-गिगाबाइटमध्ये मिळतात. उत्तर आले : एकूण ४९ गिगाबाइट, वापरलेली ४७, उपलब्ध शून्य.

४९ मधून ४७ गेले तर २ उरायला हवेत. मग शून्य का? लिनक्सवर सर्रास वापरल्या जाणाऱ्या ‘ईएक्सटी-४’ या फाइल-प्रणालीत साधारणतः ५ टक्के जागा मुख्य वापरकर्त्यासाठी राखून ठेवलेली असते. डिस्क तुडुंब भरली तरी दुरुस्ती करणाऱ्याला हात हलवता यावा, हा त्यामागचा हेतू. ४९ चे ५ टक्के म्हणजे जवळजवळ अडीच गिगाबाइट. पहिले कोडे सुटले.

मग डीयू. इथे उणे-चिन्हाला जोडून एक्स, एस आणि एच ही अक्षरे लिहिली. एक्समुळे मोजणी त्याच विभागापुरती राहते, एसमुळे फक्त बेरीज मिळते. ही आज्ञा मुख्य वापरकर्त्याच्या अधिकारात चालवावी. एरवी कुलूपबंद खोल्या मोजायच्या राहून जातात. उत्तर आले : २९ गिगाबाइट. त्यात मुलांच्या सगळ्या प्रकल्पांचे मिळून जेमतेम ६.

नोंदवही म्हणते ४७, मोजणी म्हणते २९. मधले १८ गिगाबाइट कुठे गेले?

उत्तर शिक्षकांच्याच बोलण्यात होते. सकाळी पुसलेली नोंद-फाइल! युनिक्स पद्धतीच्या प्रणालीत फाइल पुसणे म्हणजे प्रथम तिचे नाव फोल्डरमधून काढणे. एखाद्या कार्यक्रमाने ती फाइल उघडून ठेवलेली असेल, तर नाव गेले तरी मजकूर आणि त्याची जागा तशीच राहते. कपाटावरची चिठ्ठी काढली, पण तक्ता अजून वर्गात बाईंच्या हातात आहे, असे समजा. खोल्या मोजणाऱ्याला तो कपाटात दिसत नाही, नोंदवहीतून मात्र तो कमी झालेला नसतो. आमच्या बाबतीत एक सेवा-कार्यक्रम दिवसभर त्या बिननावाच्या फाइलीत लिहितच होता. तो कार्यक्रम बंद करून पुन्हा चालू केला आणि डीएफचा आकडा ४७ वरून २९ वर आला. मुलांचे काम जतन होऊ लागले. गेल्या वर्षीचा एकही प्रकल्प पुसावा लागला नाही. आणि पुसले असते तरी ती जागा त्या फाइलीनेच पुन्हा गिळली असती.

वर्गात करून पाहण्याजोगा एक प्रयोग सांगतो. एकच अक्षर असलेली फाइल तयार करा. तिची लांबी पाहिली तर एक-दोन बाइट दिसेल. आता तिच्यावर डीयू चालवा. बहुधा ४ किलोबाइट असे उत्तर येईल. कारण डिस्कवरची जागा सुटी मिळत नाही, ठोकळ्यांनी मिळते आणि नेहमीचा ठोकळा ४०९६ बाइटचा असतो. एक पोस्टकार्ड ठेवायचे असले तरी अख्खा कप्पा घ्यावा लागतो, तसे हे. मुलांना गणित घाला : प्रत्येकी १०० बाइटच्या १००० फाइलींचा मजकूर किती आणि त्यांनी व्यापलेली जागा किती? मजकूर १ लाख बाइट, जागा ४०,९६,००० बाइट. म्हणजे जवळजवळ एकेचाळीस पट! म्हणून असंख्य लहान फाइली एकत्र बांधून ठेवणे फायद्याचे असते.

हुशार मुलांसाठी एक प्रश्न : याच्या उलट, फाइलीची लांबी मोठी पण डीयूचे उत्तर लहान, असे होऊ शकेल का? होऊ शकते. मधला मोठा भाग कधी लिहिलाच गेला नसेल, तर त्यासाठी ठोकळे दिलेच जात नाहीत. लांबी आणि व्यापलेली जागा या दोन वेगळ्या राशी आहेत, हे इथे पुन्हा दिसते.

प्रयोगशाळेत दोन उपकरणांची वाचने जुळली नाहीत, तर आपण एकाला खोटे ठरवून मोकळे होत नाही. प्रत्येक उपकरण नेमके काय मोजते ते पाहतो. संगणक-कक्षातही तेच करावे. डिस्क भरली, तर आधी डीएफ, मग डीयू आणि दोघींत अंतर पडले तर त्या अंतराचा शोध. पुसायला हात घालायचा तो त्यानंतर.