रोबो आणि सायबोर्ग

कृत्रिम पाय लावून शाळेत येणाऱ्या मुलास सोबती ‘रोबो’ म्हणून चिडवू लागले, तर शिक्षकाने केवळ दटावून थांबू नये. त्या शब्दाचा अर्थच वर्गास समजावून द्यावा.

कारेल चापेक या चेक लेखकाचे ‘आर. यू. आर.’ हे नाटक १९२१ साली रंगभूमीवर आले आणि ‘रोबो’ हा शब्द जगभर झाला. चेक भाषेत ‘रोबोटा’ म्हणजे वेठ. वेठबिगार हा शब्द मुलांच्या कानावरून गेलेला असतोच, तेव्हा येथे फारसे विवेचन नको. मौज अशी की, त्या नाटकातील रोबो लोखंडाचे नाहीतच. कारखान्यात सिद्ध केलेल्या मांससदृश द्रव्याचे ते बनलेले आहेत. म्हणजे लोखंड ही रोबोची खूण नव्हे. तो मुळापासून घडविलेला असतो. त्याला आई नाही, बालपण नाही, ही त्याची खूण.

सायबोर्गाला ती दोन्ही असतात. हा शब्द १९६० साली मॅनफ्रेड क्लाइन्स व नेथन क्लाइन यांनी, अंतराळात मानवदेह कसा तगावा याचा विचार करताना योजिला. मार्टिन केडिन यांच्या ‘सायबोर्ग’ (१९७२) या कादंबरीतील वैमानिक अपघातात दोन्ही पाय, एक हात व एक डोळा गमावतो. यांत्रिक अवयव बसविल्यावरही तो तोच माणूस असतो.

वरच्या वर्गास एक प्रश्न घालावा. ‘टर्मिनेटर’ (१९८४) या चित्रपटातील मारेकऱ्याच्या अंगावर जिवंत मांस असून आत धातूचा सांगाडा आहे. चित्रपटात त्यास सायबोर्ग म्हटले आहे. पण तो पूर्वी कधी माणूस होता काय?