हळदीच्या पानाला नाव देताना

सकाळी सव्वासहा. आखाडा बाळापूरच्या शिवारात ऑक्टोबरात सेलम हळदीची पानं कमरेच्या वर गेलेली असतात. पानावरचा रोग ओळखायला संगणकाला शिकवायचं, म्हणून मी पानांचे फोटो काढतो, पण दव आहे तोवर नाही. थेंब चमकतो आणि संगणक त्यालाही ठिपका समजतो. तेवढ्या वेळात सऱ्यांमधून फिरून झाडं हेरून ठेवतो.

साडेआठ. आता घाई. ऊन चढलं की पान चकाकतं, ठिपक्याचा रंग फोटोत पुसट होतो. करप्याचा ठिपका लांबट, मध्ये राखाडी, भोवती पिवळी कडा. टॅफ्रिना बुरशीचे ठिपके बारीक, दाट, पिवळसर तपकिरी. एवढं यंत्र लवकर शिकतं. अडतं ते नुसत्या पिवळ्या पानाशी.

शेताचे मालक, ज्यांना मी मामा म्हणतो, बांधावरून विचारतात, "शेंड्याचं पान हाय का बुडाचं, ते लिहिलं का?"

"लिहितो, मामा."

हा प्रश्न मला कुठल्याही सूत्राहून मोलाचा वाटतो. लोह कमी पडलं की कोवळं पान आधी पिवळं होतं, शिरा हिरव्याच राहतात. नत्र कमी पडलं तर जुनी पानं आधी जातात. पानापुरता कातरलेला फोटो पाहून ते पान झाडावर कुठे होतं, हे कळायला मार्ग नाही. म्हणून प्रत्येक पानाचे वरून आणि खालून असे दोन फोटो, पूर्ण झाडाचा तिसरा, आणि वहीत जागेची नोंद.

साडेअकरा. गावात परत. फोटो लॅपटॉपवर, जेवण.

दुपारी एक. दिवसाचा सगळ्यात कष्टाचा भाग. एकेक फोटो उघडून नाव द्यायचं. कृषी पदवीधर मैत्रीण तेच फोटो स्वतंत्रपणे पाहते. नावं जुळली नाहीत तर तो फोटो बाजूला, आणि पुन्हा त्याच झाडापाशी जाऊन पान तपासायचं. लोक या कामाला कारकुनी समजतात. मला ते पटत नाही. यंत्राचं सगळं ज्ञान याच टेबलावर ठरतं.

त्याचा पुरावाही आहे. 2016 साली मोहंती, ह्यूज आणि सलाथे यांनी प्लांटव्हिलेज या पानांच्या फोटोसंग्रहातल्या 54,306 फोटोंवर 14 पिकं आणि 26 रोग ओळखायला यंत्राला शिकवलं. त्याच संग्रहातल्या राखून ठेवलेल्या फोटोंवर अचूकता 99.35 टक्के आली. वेगळ्या परिस्थितीत काढलेल्या फोटोंवर ती 31 टक्क्यांच्या आसपास घसरली. संग्रहातली पानं तोडून साध्या पार्श्वभूमीवर ठेवलेली होती. शेतात पानामागे माती असते, तण असतं, दुसऱ्या पानाची सावली असते. शिवाय त्या 14 पिकांत ना हळद होती, ना कापूस. म्हणजे आमच्या भागाचे फोटो आम्हालाच काढावे लागणार.

चार. शिकवणी. प्रत्येक फोटो 224 बाय 224 पिक्सेलचा करून मोबाइलनेटला देतो. लाखो इतर छायाचित्रांवर आधीच शिकलेलं हे छोटं जाळं साध्या फोनवरही चालतं. एक नियम मी मोडत नाही: एका शेताचे फोटो एकतर शिकवायला वापरायचे किंवा परीक्षेला. दोन्हीकडे गेले तर यंत्र रोगाऐवजी त्या शेताची माती ओळखून गुण मिळवतं.

शिकवणी चालू असताना वाचत बसतो. याच जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा उभी राहणार आहे. अशा वेधशाळांच्या नोंदींत घुसणाऱ्या गोंगाटाच्या चित्रांना 2016 पासून ‘ग्रॅव्हिटी स्पाय’ प्रकल्पात जगभरचे स्वयंसेवक नावं देतात, आणि त्यावरून यंत्र शिकतं. काम आमच्यासारखंच, हे वाचून हुरूप येतो.

साडेसात. निकाल. एकूण टक्केवारीकडे मी शेवटी बघतो. आधी कुठलं पान कुठल्या नावाखाली गेलं ते. करपा बहुतेक ठिकाणी बरोबर आलाय. लोहाची कमतरता मात्र नत्राच्या खात्यात जाते आहे, कारण शेंड्याच्या कोवळ्या पानांचे फोटोच कमी आहेत. उद्या चुनखडीच्या रानातली हळद बघायची. तिथे लोह पिकाला लागू होत नाही, अशी पानं भरपूर मिळतील. मैत्रिणीला तसा निरोप पाठवतो आणि फोन चार्जिंगला लावतो.